चूलबंद आवतण

आमच्या घरात कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, काहीही निघालं की ती कपाटातून खाली येते. गावाला एक पान, पानावर घरं, घरापुढे माणसांचा आकडा आणि एक खूण. 'प' म्हणजे नुसती पत्रिका. 'घ' म्हणजे घरटी एक माणूस. 'चू' म्हणजे चूलबंद. चूलबंद आवतण दिलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हातारीकोतारी, लेकरं, अचानक आलेला पाहुणा, सगळ्यांनी आपल्याकडेच जेवायचं. आता चुली गेल्या आणि गॅस आले, तरी शब्द तोच राहिला. कार्य उरकलं की वहीत दुसरी खूण करायची, कोण कसं आलं त्याची. चूलबंद बोलावून एकच माणूस आला, तर पुढे त्यांच्या कार्याला आपणही एकानेच जायचं. याबद्दल कोणी भांडत नाही. वही बघायची आणि तसं वागायचं.

मी सून म्हणून पिंपळीला आले त्याच वर्षी सासऱ्यांनी ही वही माझ्याकडे दिली. म्हणाले, "तुझं अक्षर बरं हाय आन तुला इसरत न्हाय." तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. याद्या करायचा मला नाद आहेच. बाजाराची यादी, दवाखान्याची यादी, दिवसभराच्या कामांची यादी. काम झालं की टिक. टिक केल्यावर मला जे बरं वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटत नाही.

माझी थोरली बहीण लासुर्ण्याला दिलेली आहे. मी तिला अक्का म्हणते. लासुर्ण्याच्या पानावर पहिली ओळ तिच्या घराची: अकरा माणसं, चू. इतक्या वर्षांत त्या ओळीतली माणसं कमीजास्त झाली, खूण कधी बदलली नाही. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा माझ्यापुढे शंभर कामं होती. पण मन अडकलं होतं ते एकाच गोष्टीत. अक्काच्या घरची चूल त्या दिवशी बंद राहील का?

ही शंका का आली हे सांगायचं तर कंपनीपासून सांगावं लागेल.

लोणी देवकरच्या ज्या कारखान्यात माझे मालक कामाला आहेत तिथे एका वर्षी पाळ्या कमी झाल्या. घरबसल्या काहीतरी करावं असं माझ्या मनात होतं. तेवढ्यात बारामतीतल्या एका ओळखीच्या बाईने मीटिंगला नेलं. नेटवर्क मार्केटिंगची कंपनी. वजनाची पावडर, कसला तरी रस, सांधेदुखीच्या गोळ्या, टूथपेस्ट. आपण विकायचं, दुसऱ्याला जोडायचं, त्याने तिसऱ्याला. कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचा दोष तिच्यापाशी, मला माझा सांगायचा आहे. आणि खरं सांगायचं तर पाळ्या कमी झाल्या हे अर्धंच कारण. त्या मीटिंगमध्ये टाय बांधलेल्या एका सरांनी मला "मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं होतं. चाळिशी ओलांडेपर्यंत मला तसं कोणी विचारलं नव्हतं.

जोडल्यावर पहिला धडा असतो यादीचा. ओळखीची शंभर नावं लिहून काढायची. माझ्याबरोबर बसलेली माणसं पस्तीस-चाळीसवर अडकली. पेन चावत वर बघायला लागली. कोणी किराणावाला लिहिला, कोणी बसचा कंडक्टर. मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. चारशे बारा घरं, गावांप्रमाणे. सरांनी वही उलटीपालटी करून बघितली आणि उभे राहून सगळ्यांना सांगितलं, "याला म्हणतात ॲसेट."

मी ती वही बावीस वर्षं सांभाळली होती. तिला असं काही म्हणता येईल हे मला ठाऊक नव्हतं.

दुसरा धडा असा की फोनवर काही सांगायचं नाही. प्लॅन सांगितला की माणूस येत नाही. नुसतं बोलवायचं, कारण विचारलं तर विषय बदलायचा. हेही बाकीच्यांना जमत नव्हतं. मला मात्र लगेच सुचलं. आमच्याकडे माणसाला कारण न सांगता बोलावण्याची रीत आहेच. चूलबंद आवतण दिलं तर "कशाचं?" असं कोणी विचारत नाही. विचारणं वाईट दिसतं.

मी वहीतली चूलबंदची नऊ घरं निवडली आणि एका रविवारी दुपारी बाराचं आवतण दिलं.

सगळी आली. अक्काच्या घरची अकराच्या अकरा माणसं पिकअपमधून आली. बाया नव्या साड्यांत, पोरांचे केस तेल लावून चापून बसवलेले. अक्काचे सासरे, ज्यांना सगळं लासुर्णं तात्या म्हणतं, धुवट पटका बांधून पुढच्या सीटवर. अंगणात उतरल्या उतरल्या म्हणाले, "पावणीबाई, वास तर झ्याक सुटलाय. मटान हाय का गोड हाय ती आधी सांगा, म्हंजी त्या मापानं बसतो."

"आधी आत बसा तात्या," मी म्हटलं.

आत सतरंज्या घातल्या होत्या. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, कारण पडद्यावर चित्रं दाखवायची होती. सर आले, त्यांच्याबरोबर दोघंजण. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सर बोलायला लागले. आपण मध्ये, आपल्या खाली दोन पाय, डावा आणि उजवा. दोन्ही पाय सारखे वाढले की पैसे. तात्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, "सायेब, खुर्चीसुदिक चार पायावर हुबी ऱ्हाती. ह्ये दोन पायावर किती दिस टिकनार?"

माणसं हसली. सरही हसले. त्यांना सवय होती.

एक वाजला, दीड वाजला. पोरं किरकिर करायला लागली. मी दाराशी वही घेऊन बसले होते, कोण लक्ष देऊन ऐकतंय त्याच्या नावापुढे बारीक टिंब देत होते. तेवढ्यात अंधारात अक्का उठून स्वयंपाकघराकडे जाताना दिसली. पडद्यावर नेमका पैशांचा तक्ता आला होता. मी तिचा हात धरला. "अक्का, बस ना जरा. मेन आत्ताच आहे."

तिने हात सोडवून घेतला आणि आत गेली. मुठीत काहीतरी घेऊन आली, तात्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या हातात ते ठेवलं. नंतर कळलं, गूळ होता. तात्यांना साखरेचा आजार. जेवायला निघालो म्हणून जेवणाआधीची गोळी घरीच गिळून आले होते, आणि जेवण लांबल्याने साखर एकदम उतरली होती. त्यांचं अंग घामाने भिजलं होतं, हात कापत होते. चादरी लावलेल्या त्या खोलीत ते कोणाला दिसलं नाही. अक्काला दिसलं.

दोन वाजून गेल्यावर पानं मांडली. नऊ घरांतल्या पाच जणांनी फॉर्म भरले, त्यात पहिली सही अक्काची. वाढताना ती माझ्याजवळ आली आणि आमटीची बादली बदलून घेताना हळूच म्हणाली, "आवतण खरं असावं गं."

"खोटं कुठे आहे? जेवण आहेच की," मी म्हटलं.

ती बादली घेऊन पंगतीकडे वळली. मी त्या दिवसाच्या यादीवर टिक केली.

मी चांगलं काम केलं. पहिल्या सहा महिन्यांत माझ्या मीटिंगच्या कोटाला बढतीची एक पिन लागली, मग दुसरी. का चालतं आणि का चालत नाही, हे मी त्या काळात जवळून पाहिलं. एक निवृत्त मास्तर होते, त्यांचं झपाट्याने वाढलं, कारण जुने विद्यार्थी त्यांना नाही म्हणू शकत नव्हते. एक हुशार, गोड बोलणारी मुलगी होती, तिचं काहीच झालं नाही. ती बारामतीत नवीन होती, तिला कोणी मिंधं नव्हतं. सर म्हणायचे, मेहनत, चिकाटी, सकारात्मक विचार. मला दिसायचं ते वेगळं. ज्याच्याकडे आधीची माया जास्त साठलेली, त्याचं आधी चालायचं. आणि ती संपली की थांबायचं. पण हे मला तेव्हा दिसत होतं असं म्हणणंही लबाडीचं होईल. तेव्हा मी फक्त यादीवर टिक करत होते.

इंदापुरात एक चुडीवाली आहे. माझ्या लग्नातला चुडा तिनेच भरला होता. तिच्या घरचे आणि आमचे ईदेला आणि दिवाळीला येणंजाणं, वहीत चूलबंद. मी तिच्याकडे पावडरीचा डबा घेऊन गेले. तिने डबा हातात घेतला, परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "दुकानात आलीस तर तू गिऱ्हाईक, घरात आलीस तर पाहुणी. आत्ता कुठं आलीयेस ते आधी ठरव. चहा त्याच्यावर हाय."

"पाहुणीच की," मी म्हटलं.

"मग डबा पिशवीत घाल. साखर किती टाकू?"

मला राग आला. बसमध्ये बसल्यावर मी तिच्या नावापुढे फुली मारली.

अक्का कधी नाही म्हणाली नाही. तीन म्हशी, डेअरीला दूध, घरात अकरा माणसं, एवढ्यातून ती दर महिन्याला चार-पाच डबे घ्यायची. कोणाला विकले विचारलं की नावं सांगायची, शेजारची अमकी, डेअरीतली तमकी. मी लिहून घ्यायचे. बारामतीच्या एका हॉलमध्ये मोठा कार्यक्रम झाला तेव्हा सरांनी मला स्टेजवर बोलावलं. मी अक्कालाही वर ओढलं आणि माइकवर सांगितलं, "ही माझी बहीण. चौथी शिकलेली. दूध घालते. ही करू शकते तर तुम्ही का नाही?" टाळ्या पडल्या. अक्का पदर धरून खाली बघत उभी होती. मला वाटलं, लाजली.

पुढच्या सुगीनंतर मी लासुर्ण्याला गेले. अक्का म्हणाली, "नवा गहू हाय, ने चार शेर. कोठीतनं घे." मी आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं. गहू तळाला होता. त्याच्यावर ओळीने डबे लावले होते. सील न फोडलेले. मी मोजले, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. एकोणतीस.

अक्का मागे येऊन उभी राहिली होती. कमरेला खोचलेला पदर तिने सोडला, परत खोचला.

"अगं, मग ती नावं?" मी विचारलं.

"मला न्हाय कुणाला मागता येत. ज्येंच्या घरी च्या पिलाय त्येंच्या दारात काय म्हनून जाऊ?"

"मग घेत कशाला होतीस?"

"तू फोनवर म्हनायचीस, अक्का, डावा पाय थांबलाय, डावा पाय थांबलाय. बाकीचं मला काय कळत न्हाय. म्हनलं, आपल्यापायी तुझं थांबाय नगं."

त्या वेळी मी काय म्हणाले ते मला शब्दाला शब्द आठवतं. बाकी आयुष्यातलं पुष्कळ विसरले तरी हे विसरणार नाही. मी वरचे डबे उचलून त्यांच्या बुडावरची तारीख बघितली आणि म्हणाले, "अक्का, यातल्या सहा डब्यांची मुदत दोन महिन्यांत संपतीय. आधी एवढे खपव."

अक्काने माझ्याकडे बघितलं. मग मापटं घेतलं, माझ्या पिशवीत चार शेर गहू भरला, वर एक ओंजळ जास्तीचा टाकला आणि पिशवीचं तोंड बांधून दिलं. आमच्यात भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं.

वर्षभरात माझी वही संपली. घरं होती, पण फुल्या झाल्या होत्या. बारामतीच्या बाजारात ओळखीच्या बाया मला बघून भाजीच्या दुसऱ्या गल्लीत वळायच्या. फोन उचलला की आधीच म्हणायच्या, "आमच्या ह्यांना विचारून सांगते." माझे दोन्ही पाय थांबले. सरांचे फोन आधी रागाचे आले, मग आलेच नाहीत. मी सोडून दिलं. पिना पाकिटात घालून वहीच्या मागच्या खिशात ठेवल्या.

मग मुलीचं लग्न ठरलं.

आवतण द्यायला मी एकटीच गेले. लासुर्ण्याला जायच्या दिवशी कामांची यादी केली होती: पत्रिका, अक्षता, तात्यांना टॉवेल-टोपी, अक्काची साडी. शेवटी लिहिलं होतं, अक्काशी बोलणे.

तात्या ओट्यावर बसले होते. मी पाया पडले, अक्षता दिल्या, म्हटलं, "तात्या, चूलबंद आहे. सगळ्यांनी यायचं."

"मागं बी चूलबंदच हुतं की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, चेष्टाच होती. "परदा लावनार हाय का औंदा? म्हंजी शिदोरी बांधून येतो."

मी हसले. अक्का चहा घेऊन बाहेर आली होती, तिने तात्यांकडे नुसतं बघितलं आणि ते गप्प झाले. तिने साडी घेतली, रंग चांगला आहे म्हणाली. मला सोडायला फाट्यापर्यंत आली. वाटेत मी तीनदा सुरुवात केली. एकदा ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा आला, एकदा तिला कोणीतरी हाक मारली, आणि तिसऱ्यांदा काहीच आडवं आलं नाही तरी मला जमलं नाही. एसटी दिसली.

"अक्का, सगळी या," मी म्हटलं.

"बघू. जनावरं असत्यात."

जनावरं आधीही होती. तेव्हा शेजारी धार काढून द्यायचा. मी बसमध्ये बसून यादी काढली. चार कामांवर टिक होती.

लग्न बारामतीच्या कार्यालयात होतं. आचाऱ्याला आकडा मीच दिला, वहीवरून, चूलबंदच्या घरांची डोकी मोजून. सकाळपासून एक डोळा दारावर. इंदापूरची चुडीवाली नऊ माणसं घेऊन आली, लहान नातवापर्यंत. माझ्या हाताला धरून म्हणाली, "घराला कुलूप घालून आलेय, बघ." पावडर नको असं ज्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, ती सगळी अशीच घरदार घेऊन आली. ज्यांनी हो म्हटलं होतं त्यांच्या घरचा एकेक माणूस आला, अक्षता टाकल्या, जेवला आणि गेला. जिलेबीची दोन पातेली तशीच राहिली.

अक्का दहाच्या एसटीने आली. एकटी.

तिने मावशीचं म्हणून जे जे करायचं असतं ते सगळं केलं. मुलीच्या पाठीशी उभी राहिली, तिची ओटी भरली, डोळे पुसले, माझ्या जावेची थट्टा केली. मी दिलेली साडी नेसली होती. पंगतीत बसली तेव्हा मी स्वतः वाढायला गेले. दुसऱ्या कोणाला वाढू दिलं नाही.

"अक्का, घरची?" मी पानावर भात घालताना विचारलं.

"हायती की घरी सगळी. सुनंनं भाकरी टाकल्यात."

"तात्या तरी यायचे होते."

अक्काने भातावर वरण यायची वाट बघितली. मी वरण घातलं. ती तूप घ्यायला थांबली, आणि मग खाली बघूनच, अगदी मायेने, जसं लहानपणी माझ्या वेणीला गाठ मारताना बोलायची तसं म्हणाली, "त्येंला येळंवर जेवाय लागतं गं."

मी तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले. पंगत मोठी होती.

लग्नानंतर चार दिवसांनी वही उघडली. रीत आहे, करावंच लागतं. लासुर्ण्याचं पान काढलं. पहिल्या ओळीतल्या 'चू'च्या पुढे 'घ' लिहिलं. पेन बराच वेळ कागदाला टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका पडला आहे.

गेल्या महिन्यात अक्काच्या नातवाचं जावळ होतं. तिचा मुलगा आवतण द्यायला आला. दारातच उभा राहिला. "मावशी, आयनं सांगितलंय, घरटी एक." एवढं बोलून तो चपलेकडे बघत राहिला. मी त्याला आत घेऊन चहा दिला. त्याची काही चूक नव्हती. वहीप्रमाणेच होतं सगळं.

जावळाच्या दिवशी मी लवकर उठले. पिशवी भरली: बाळाचं अंगडं-टोपडं, खडीसाखर, नारळ. मग स्वयंपाकघरात गेले. मालकांची दुपारची पाळी होती, त्यांना जेवून जायचं होतं. आतापर्यंत लासुर्ण्याच्या कुठल्याही कार्याला निघताना मी या ओट्याला हात लावलेला नव्हता. मी पीठ मळलं, तवा ठेवला आणि गॅस पेटवला.